येशूबरोबरच्या स्त्रिया फक्त रांधत-वाढत होत्या?

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून एक मजकूर फिरत असतो: "येशूबरोबरच्या बायका रांधायला-वाढायला होत्या. त्या काळी ज्यू बाईच्या नावावर काहीच नसे, मग ती पैसा कुठून देणार? मग्दालीया मरीया तर वेश्याच. पुढे पौलाने सगळ्यांनाच गप्प बसवले." यातली पहिली तीन विधाने चूक आहेत आणि चौथे अर्धवट.

"रांधायला-वाढायला." बायबलमधले लूकचे शुभवर्तमान (लूक ८:१-३) उघडा. मग्दालीया मरीया, गालील प्रांताचा शासक हेरोद याचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ जणी येशू व बारा शिष्यांचा खर्च आपल्या मालमत्तेतून चालवत होत्या, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. खर्च तरी किती? इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा संग्रह, सांगते की गावावरून जाणाऱ्या गरिबाला निदान १ पुंडियनची (एक लहान नाणे) भाकर द्यावी. १२ पुंडियन म्हणजे १ दिनार, आणि मत्तय २०:२ मध्ये मजुराची दिवसाची मजुरी तेवढीच आहे. म्हणजे १३ जणांच्या नुसत्या भाकरीलाच रोज दिनाराच्या वर लागणार. मासे, तेल, वहाणा, मंदिराचा कर वेगळाच. मासेमारीची जाळी आणि जकातनाका सोडून निघालेल्या शिष्यांकडे हा पैसा कुठून येत होता, याचे उत्तर लूकने तीन ओळींत दिले आहे. ते वाचायचे सोडून लोक भांडी मोजत बसतात, याचे वाईट वाटते.

"नावावर काहीच नसे." मृत समुद्राजवळच्या नहाल हेव्हरच्या गुहेत १९६१ मध्ये बाबथा या ज्यू स्त्रीचे ३५ दस्तऐवज सापडले. इ.स. १२७ मध्ये तिने रोमी अधिकाऱ्यांपुढे आपल्या ४ खजूरबागा नोंदवल्या. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिच्या वतीने नवऱ्याने लिहिले. पुढच्याच वर्षी त्याच नवऱ्याने तिच्याकडून ३०० दिनार घेतल्याची लेखी कबुली दिली! हा पुरावा येशूनंतर शंभरेक वर्षांचा, आणि गालीलाबाहेरचा. योहान्नाकडे काय होते हे तो सांगत नाही. पण "काहीच नसे" हे त्याने खोटे ठरते.

उलट टोकाला जाऊन या सगळ्याच जणी धनाढ्य होत्या असेही म्हणू नये. राजदरबाराशी नाते फक्त योहान्नाचे सांगितले आहे, आणि तिचा पैसा खुजाच्या घरातूनही आला असेल. तरी त्यातली जोखीम बघा: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा हेरोद अंतिपा हाच तिच्या नवऱ्याचा धनी होता.

"मरीया वेश्या." लूक ७ मधल्या पापी स्त्रीचे नावच दिलेले नाही. मरीयेविषयी ८:२ मध्ये सात भुते निघाल्याचे आहे, बस्स. दोघींना एक केले ते पोप ग्रेगरी पहिले यांच्या ५९१ च्या प्रवचनाने. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चनी) ते मानले नाही, आणि रोमन कॅथलिक दिनदर्शिकेनेही १९६९ मध्ये ते सोडले.

"पौलाने गप्प बसवले." येशूनंतर त्याचा संदेश पसरवणाऱ्या पौलाच्या १ करिंथ या पत्रात (१४:३४) स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे, नाकारायचे कारण नाही. पण त्याच पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (रोम १६:१-२) किंख्रिया या करिंथजवळच्या बंदरातल्या फिबी या स्त्रीची शिफारस करताना, तिने पुष्कळांना आणि स्वतः आपल्यालाही साहाय्य केले, असे लिहिले. फिलिप्पै शहरात जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियाने त्याला आपल्या घरी उतरवले, ख्रिस्ती बंधुजनही तिथेच भेटत (प्रेषितांची कृत्ये १६:४०). पौल थेस्सलनीकात असताना त्याला एकदा नव्हे, दोनदा मदत पाठवली ती याच फिलिप्पैकरांनी (फिलिप्पै ४:१६).