‘पियानो दोन महिने चादरीखाली’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सोबतचा व्हिडिओ तीनदा पाहिला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. बाबांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला, दोघांनाही चालेल म्हणून तुम्ही आमच्या मिरजेच्या दुकानातून ऑटो-अकंपनिमेंटवाला (म्हणजे मागची साथ आपोआप वाजवणारा) 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो नेलात. दुकानात एका बोटावर सगळा बँड वाजला होता, घरी मात्र बाबा बसले की मागची साथ भरकटते. त्यात केरवा, दादरा असे आपले ताल नाहीत. फोन केलात तर ‘मॅन्युअलमध्ये सगळं दिलंय’ एवढंच उत्तर मिळालं. आता पियानोवर चादर आहे, आणि महागडी वस्तू गळ्यात मारली असं तुमचं म्हणणं आहे.

फोनवरचं ते उत्तर माझ्याच दुकानातून गेलं. विकलेल्या वाद्याबद्दल कुणी विचारलं तर असं बोलायचं नसतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता व्हिडिओबद्दल. बाबा उजव्या हाताने भूप राग वाजवताहेत, आणि हात फार सुरेल आहे. पण माझी नजर गेली त्यांच्या डाव्या हाताकडे. तो पियानोच्या कडेवर टेकलेला आहे आणि पंजा हळूहळू मागेपुढे होतोय. भाता मारतोय तो हात! चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेल्या माणसाचा डावा हात पट्टीवर जाणार कशाला? त्याचं काम हवा भरायचं.

आणि ऑटो-अकंपनिमेंट चालतं ते नेमकं डाव्या हातावर. पट्ट्यांचे दोन भाग पडतात, त्या जागेला स्प्लिट म्हणतात. स्प्लिटच्या डावीकडे तुम्ही कॉर्ड (एकत्र वाजणारे दोन-तीन स्वर) धरता, त्यावरून बेस, गिटार, स्ट्रिंग्ज काय वाजवायचं ते पियानो ठरवतो, आणि उजवीकडे तुमची चाल मोकळी राहते. डावीकडे काही धरलंच नाही तर साथीला धरायला काही नसतं. तुमच्या व्हिडिओत तर अजून एक गोष्ट झालीय. सगळ्या 88 पट्ट्यांवरून कॉर्ड ओळखायची पद्धत चालू राहिलीय. दोन्ही हातांनी भरून वाजवणाऱ्यांसाठी ती असते. बाबा पेटीच्या सवयीने पुढचा स्वर धरल्यावर मागचा सोडतात, त्यामुळे दोन-तीन स्वर क्षणभर एकत्र राहतात. पियानोला वाटतं कॉर्ड बदलला. स्क्रीनवर कॉर्डचं नाव सारखं बदलताना दिसतंय बघा. बिघाड कुठलाच नाही, पण ऐकणाऱ्याला बँड वेडावाकडा पळतोय असंच वाटणार.

ही सेटिंग घरी पोचवतानाच बदलून द्यायला हवी होती. त्याआधीची चूक मोठी आहे. तुम्ही सांगितलंत, ‘बाबा पेटी वाजवतात’, आणि आम्ही ‘म्हणजे येतंच त्यांना’ असं धरून चाललो. दुकानातल्या आमच्या मुलाने जे वाजवून दाखवलं ते त्याचं महिनोन्‌महिने बसवलेलं होतं, इंट्रोपासून एंडिंगपर्यंत. बाबांना स्टुलावर बसवून ‘काका, तुमचं काहीतरी वाजवा’ असं कुणी म्हणालं नाही. आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी विचारतो, गाणार कोण आणि पट्टी कोणती. पुरुषांचा तंबोरा वेगळा, बायकांचा वेगळा. त्या गावात दुकान असून माझ्याकडे हा प्रश्न विचारला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. महाग म्हणून हा पियानो दाखवला नव्हता. लेकीच्या क्लासच्या बाईंनी 88 पट्ट्या आणि वेटेड कीज असं सांगितलं होतं, आणि ते बरोबर आहे. पट्टीखाली हातोडीचं वजन असलं तरच लहान मुलांच्या बोटांना पियानोचं वळण लागतं. पुढे परीक्षा द्यायच्या तर हलक्या कीबोर्डवरून मोठ्या पियानोवर गेल्यावर मुलं अडखळतात. वेटेड कीज आणि पूर्ण साथ दोन्ही एकत्र असलेली मॉडेल मोजकीच आहेत. यामाहाच्या डीजीएक्स-670 मध्ये 263 स्टाईल (साथीचे तयार नमुने) आहेत, कॅसिओच्या सीडीपी-एस350 मध्ये 200 रिदम आहेत. उलट यामाहाच्या पी-45 सारख्या साध्या पियानोत साथीची सोयच नाही. वाचणाऱ्यांना सांगतो, ‘डिजिटल पियानो’ या नावावरून आत साथ आहे की नाही ते कळत नाही, नुसता ड्रम आणि बेस आहे की पूर्ण बँड तेही कळत नाही. आणि आकड्याला भुलू नका. घरात रोज वाजतात त्या चार-पाच स्टाईल, त्या तुमच्या गाण्यांना बसतात का ते दुकानातच वाजवून बघा.

केरवा-दादऱ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. यामाहाचा पीएसआर-आय500 किंवा कॅसिओचा सीटी-एक्स870आयएन अशा 61 पट्ट्यांच्या कीबोर्डांत भारतीय आवाज आणि ठेके कंपनीनेच भरलेले असतात. पट्ट्याही हलक्या, पेटीवाल्याला लगेच आपल्याशा वाटतील अशा. फक्त बाबांसाठी घ्यायचं असतं तर मी तेच दिलं असतं. तुमच्या पियानोत पाश्चात्त्य स्टाईल आहेत, त्यातून 8 मात्रांचा केरवा आणि भजनी ठेका 4/4 मध्ये बसवता येतो, 6 मात्रांचा दादरा 6/8 मध्ये. तबल्याचा बाज त्यात येणार नाही, हे तुम्हाला खरेदीच्या दिवशीच कळायला हवं होतं. रूपकाच्या 7 आणि झपतालाच्या 10 मात्रा तर यात बसवायला जाऊच नये. तुमच्या मॉडेलला पेनड्राइव्हवरून नवीन स्टाईल घेता येतात. दोन-तीन चांगले ठेके मी घेऊन येईन.

आता बाबांसाठी काय करता येईल ते. पियानो ‘एक बोट’ कॉर्डवर ठेवायचा. बाबा काळी एकमध्ये वाजवतात असं व्हिडिओवरून दिसतंय, तेव्हा ट्रान्सपोजचं (सगळे सूर वर-खाली सरकवणारं) बटण अजिबात नको, त्यांची बोटं जिथे सवयीची आहेत तिथेच राहू देत. डाव्या हाताला तीनच जागा लागतील: काळी एक म्हणजे सा, काळी तीन म्हणजे मध्यम, काळी चार म्हणजे पंचम. बरीचशी भजनं एवढ्यावर निघतात. भूपात मात्र मध्यम नाही, म्हणून मध्यमाचा कॉर्ड तिथे टाळायचा. सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोनच धरले की रागाबाहेरचा एकही स्वर लागत नाही. हा दुसरा कॉर्ड मायनर (जरा उदास वाटणारा) आहे, आणि एका बोटाच्या पद्धतीत मायनर कसा धरायचा ते कंपनीप्रमाणे बदलतं. यामाहात मूळ पट्टीसोबत तिच्या डावीकडची जवळची काळी पट्टी दाबतात, कॅसिओत मूळ पट्टीसोबत उजवीकडची कुठलीही एक. तुमच्याकडे काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि पट्ट्यांवर छोटे स्टिकर लावतो. ते निघतात, डाग राहत नाही.

व्हिडिओत बाबांची चाल बँडखाली बुडते, त्याचंही कारण पेटीतच आहे. पेटीचा आवाज भात्याने वाढतो, बोटाने जोर लावायची सवयच नसते. पियानो मात्र बोटाच्या जोरावर आवाज ठरवतो. ‘टच’ ही जोर ओळखायची सोय बंद केली की हलक्या बोटालाही पूर्ण आवाज मिळेल. शिवाय पियानोचा स्वर धरून ठेवला तरी विरत जातो, म्हणून बाबा लांब स्वरावर थांबले की खाली पोकळी वाटते. त्यांच्यासाठी रीड-ऑर्गनसारखा टिकणारा आवाज निवडून साथीचा आवाज निम्म्यावर आणायचा. हे सगळं एका बटणावर साठवून ठेवता येतं, म्हणजे लेकीचा पियानो पियानोच राहील.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता मी स्वतः सांगलीला येतो, सोबत तो डेमोवाला मुलगाही असेल. पैसे लागणार नाहीत. त्यानंतर महिनाभर बाबांनी वाजवून बघावं. तरीही मन रमलं नाही तर दोन मार्ग आहेत. हा पियानो पूर्ण किमतीत परत घेऊन भारतीय ठेक्यांचा कीबोर्ड देईन आणि उरलेले पैसे परत करीन. किंवा पियानो लेकीला राहू द्या, बाबांसाठी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड मी माझ्या खरेदीच्या भावात देतो. तुम्ही सांगाल तसं. यापुढे दुकानात डेमो आधी घेणाऱ्याचा होईल, आमच्या मुलाचा नंतर. हे आजच सगळ्यांना सांगितलंय.

स्टार बदलायची विनंती करत नाही. एकच काम करा. रविवारी बाबांची पेटी बाहेर काढून पियानोशेजारी ठेवा. पियानो 440 हर्ट्झ या ठरलेल्या सुरावर जुळवलेला असतो, जुनी पेटी किंचित वर-खाली असू शकते. दोन्हींचा सा जुळवून घेतो, म्हणजे लेक पियानोवर आणि आजोबा पेटीवर एकत्र बसू शकतील.