सूर्यास्ताच्या वेळची भजी

सूर्याची खालची कड समुद्राला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत कोकणात सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. हर्णै असो नाहीतर मालवण, नोव्हेंबर असो नाहीतर मार्च, फरक पडला तर काही सेकंदांचा. आमच्या सहलीतल्या सगळ्या निकडीच्या गोष्टी याच अडीच मिनिटांत उपटतात. खोलीची किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न तेव्हाच निघतो. मुलीच्या डोळ्यात वाळू तेव्हाच जाते. निघताना गॅस बंद केला होता का, ही शंका आईला दिवसभर येत नाही, सूर्य टेकला की येते. आणि खानावळीतला पोरगा कांदाभज्यांची प्लेट घेऊन नेमका तेव्हाच वाळूत उतरतो.

“अहो, भजी गार होतायत.”

“दोनच मिनिटं.”

“भजी दोनच मिनिटांत गार होतात.”

“भजी पुन्हा मिळतील गं, हा सूर्यास्त पुन्हा मिळणार नाही!”

यावर आई शांतपणे म्हणाली, “सूर्यास्त उद्याही आहे. भजीवाला सोमवारी बंद ठेवतो.”

यातली एक गोष्ट मी घरात अजून कुणाला कळू दिलेली नाही. हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजापाशी सूर्य आहे त्याच्यापेक्षा साधारण अर्धा अंश वर दिसतो. त्याचा आकारही तेवढाच, अर्ध्या अंशाचा. म्हणजे तो पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात अख्खाच्या अख्खा बुडालेला असतो. नसलेल्या सूर्यासाठी असलेली भजी गार केली, हे बायकोला समजलं तर ती कॅमेऱ्याच्या बॅगेत कांदे भरील.

फोटो काढणं तसं सोपं आहे. अवघड आहे ते तारीख ठरवणं. मला समुद्रकिनाऱ्याचा फोटो हवा असतो तो ओहोटीचा. पाणी मागे गेलेलं, वाळू ओली चकचकीत, आणि तिच्यात आकाश उलटं उतरलेलं. त्यासाठी ओहोटी आणि सूर्यास्त यांची गाठ पडायला हवी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी किनाऱ्यावर चढलेलं, आणि माझा फोटो पौर्णिमेला किंवा अमावास्येलाच. त्यात पुन्हा हे दिवस उधाणाचे, त्यामुळे भरती जितकी वर येते तितकीच ओहोटी दूरवर जाते. वाळूच वाळू! मी ‘कालनिर्णय’ घेऊन बसलो की आईला वाटतं मुलगा उशिरा का होईना मार्गाला लागला. पौर्णिमेची खोली दोन महिने आधीच भरलेली असते. राहिली अमावास्या.

“अमावास्येला प्रवासाला निघायचं?”

“आई, निघायचं चतुर्दशीला. पोचल्यावर अमावास्या.”

“आणि परत?”

“प्रतिपदेला.”

“म्हणजे मुक्काम अमावास्येचा. समुद्रावर. संध्याकाळी. आणि तू पाण्यात कॅमेऱ्याची तिवई लावून उभा.”

असं ओळीने मांडलं की मलाच कसंतरी वाटायला लागतं.

महिन्याचंही तेच. आकाशाला रंग चढायचा तर वर पातळ ढग लागतात, आणि ते ऑक्टोबरात, पाऊस परतताना, फार सुंदर असतात. ऑक्टोबरात मुलीची सहामाही. डिसेंबरात सुट्टी, पण तेव्हा क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य समुद्रापर्यंत पोचतच नाही. वरच्यावरच फिकट होतो आणि जातो. मे महिन्यात अंगाला घाम आणि काचेला घाम. पावसाळ्याबद्दल बोलायला नको, तेव्हा समुद्रच आपल्याला उभं करत नाही. सर्वात लवकर सूर्य मावळतो तो डिसेंबरात नव्हे, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण सहाच्या आसपास. हे मी एवढ्यासाठी सांगतो की त्या आठवड्यात सूर्यास्त आणि चहा यांची वेळ तंतोतंत एक येते आणि भांडण मिटवायला सबब उरत नाही.

मालवणला गेलो तेव्हा मुलीने फोनवर एक फोटो दाखवला. सिंधुदुर्गाच्या तटामागे बरोबर मधोमध सूर्य. “बाबा, असा काढ.” १६६४ साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तो काही कुणाला फोटो बरा मिळावा म्हणून नाही. मी तिला समजावलं की सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेच्या चोवीस अंश उत्तरेला जातो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. तो फोटो काढणारा वेगळ्या महिन्यात आला असणार.

“मग तू सरक ना,” ती म्हणाली.

आठवीतली मुलगी. तर्कात खोट नव्हती. मी तिवई उचलून किनाऱ्याने सरकू लागलो. सूर्य खाली येतोय, मी डावीकडे जातोय, किल्ला जागचा हलत नाही. होड्या, वाळत घातलेली जाळी, एक झोपलेलं कुत्रं आणि मग न झोपलेली दोन कुत्री ओलांडून मी एका खानावळीच्या मोरीमागे पोचलो, तिथून सूर्य खरोखरच तटाच्या मागे बरोबर येत होता. मधे फक्त दोरीवर टांगलेले आठ टॉवेल होते. आतून एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “बाथरूम तिकडे आहे.”

तारकर्लीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी वेगळाच प्रकार. हातात फोन असला की तुम्ही पर्यटक असता. तिवई लावली की तुम्ही सरकारी मालमत्ता होता. “दादा, आमचा एक काढा ना.” दादा काढतो. जोडपं सूर्याकडे पाठ करून उभं राहतं, फोटोत दोघांच्या नुसत्या सावल्या येतात.

“चेहरे दिसत नाहीयेत.”

“चेहरे दाखवले तर मागचं आकाश पांढरं होईल. सूर्य दिसणार नाही.”

“पण आम्हाला दोन्ही हवंय.”

लग्नाला आठवडाच झाला असावा. मी फ्लॅश मारला. सूर्य आला, चेहरे आले, डोळे मिटलेले आले.

त्याहून कठीण म्हणजे तळहातावर सूर्य घेणारे. हा फोटो या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी शेकड्यांनी निघत असेल, आणि तो काढताना सूर्य खाली सरकतोय हे कुणाच्या लक्षात राहत नाही. एक सद्गृहस्थ छान ताठ उभे राहिले, हात खांद्याच्या रेषेत. त्यांच्या सौभाग्यवती फोनमधून सूचना देत होत्या. “थोडा डावीकडे. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. आता खाली घ्या. अजून खाली. सूर्य बोटांतून गेला. वाका जरा.” काका गुडघ्यात वाकले, मग कमरेत वाकले, मग उकिडवे बसले. शेवटी सूर्य त्यांच्या तळहातावर आला तेव्हा लाट त्यांच्या पॅंटीत आली होती. फोटो मात्र झकास निघाला. मी पाहिलाय. माझ्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत काका आहेत.

सूर्य बुडाला की किनारा नाटक संपल्यासारखा रिकामा होतो. माझ्या मते हा आपल्याकडच्या पर्यटनातला सर्वात मोठा गाढवपणा आहे. खरे रंग त्यानंतर येतात. सूर्य खाली गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा उजेड उंचावरच्या ढगांना खालून लागतो आणि आधी पिवळट वाटलेलं आकाश लाल, मग जांभळं होत जातं. जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा हा खेळ, आणि तोवर सगळे गाडीत बसून हॉर्न वाजवत असतात. माझी माणसंही त्यांतच. तेव्हा प्रकाश इतका कमी असतो की भिंगापुढे काळी काच लावून अर्धा अर्धा मिनिट झडप उघडी ठेवता येते. लाटा येतात, जातात, आणि फोटोत सगळं पाणी एकमेकांत मिसळून पांढरंशुभ्र, सपाट होतं. हे जमायला तिवई हलता कामा नये. पण ओल्या वाळूत लाट मागे जाताना पायांखालची वाळू ओढून नेते, तिन्ही पाय तीन वेगवेगळ्या वेगांनी खचतात, आणि घरी आल्यावर दिसतं की अरबी समुद्र डावीकडे सांडतोय. त्या दिवशी मात्र एक फोटो सरळ आला होता. मोठ्या कौतुकाने आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

“समुद्राचं ताक कशाला केलंस?”

रात्री खोलीच्या न्हाणीघरात तिवई गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर खारं पाणी आणि वाळू मिळून तिचे सांधे धरतात. धुतल्यावर वाळू न्हाणीघरात राहते. सकाळी आंघोळीला पहिली जाते ती बायको. या विषयावर मी जास्त लिहीत नाही.

सूर्योदयाची कथा निराळी आहे, कारण सूर्योदयाला मी एकटा असतो आणि तरीही तो सगळ्यांना हवा असतो. आमच्या मावशीला समुद्रातून उगवणारा सूर्य पाहिजे. कोकणातला. महाराष्ट्राला समुद्र फक्त पश्चिमेला आहे, इथे सूर्य सह्याद्रीकडून, डोंगरामागून येतो, हे तिला पटलेलं नाही. त्यात आमचा मामा कन्याकुमारीला जाऊन आला. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो, आणि चैत्री पौर्णिमेला तर एकीकडे सूर्य बुडताना दुसरीकडे चंद्र वर येतो, हे तो दर लग्नात सांगतो. तेव्हापासून माझ्या फोटोंकडे मावशी ‘याला एकच बाजू येते’ अशा नजरेने बघते.

म्हणून मी देवबाग गाठलं. तारकर्लीच्या पुढे जमिनीची चिंचोळी पट्टी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी. म्हणजे संध्याकाळी समुद्रात सूर्यास्त, आणि सकाळी, समुद्रातून नाही तर नाही, निदान पाण्यावर सूर्योदय. पहाटे उठलो, कॅमेरा घेऊन एसीच्या खोलीतून बाहेर पडलो, आणि भिंगावर धुकं बसलं. थंड काचेला दमट हवा लागली की हे होणारच. पुसलं की पुन्हा. काच बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत वीसेक मिनिटं नुसतं उभं राहायचं, आणि तेवढ्यात खाडीपलीकडे उजाडून जातं. उपाय साधा आहे, कॅमेरा रात्रीच पडवीत ठेवायचा. बायको म्हणाली, “माझ्या चपला पडवीत ठेवू देत नाही, मांजर नेईल म्हणता.”

घराचे मालक तोवर जागे झालेले. “इतक्या फाटफटी खंय चललास?”

“सूर्योदय.”

“चाय घेवा आधी. सूर्य खंय पळान जाता?”

हे त्यांचं आणि माझ्या आईचं एकमत आहे.

चहा घेऊन होईतो खाडीवरचा रंग उतरला होता, तेव्हा तसाच पट्टी ओलांडून समुद्राकडे गेलो. तिथे रापण ओढत होते. अर्धगोलात समुद्रात टाकलेलं जाळं, दोन टोकांचे दोरखंड किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं मागे मागे चालत ओढतायत. ऊन पाठीमागून, माडांच्या मधून येत होतं आणि थेट त्यांच्या अंगावर, ओल्या दोरावर, पाण्याच्या शिंतोड्यांवर पडत होतं. कोकणातल्या पहाटेचा फोटो सूर्याकडे पाठ करून काढायचा असतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मावशीशी इतका वाद झाला नसता. मी कॅमेरा उचलला.

“ओ फोटोवाले! आधी दोरी धरा, फोटो मगे काढा.”

धरली. रापणीत बघ्याला जागा नाही. दोर ओला, जाडजूड, खरखरीत, आणि पलीकडच्या टोकाला समुद्र. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं, माझे तळहात सोललेले, आणि फोटो शून्य. पण पिशवीत बांगडे पडले. घरी त्या सकाळचं चीज झालं ते बांगड्यांमुळे. बायकोने तर विचारलं, “उद्याही सूर्योदयाला जाणार ना?”

परतल्यावर तारकर्लीचा एक सूर्यास्त मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. डाव्या कोपऱ्यात एक पिवळी बनाना बोट होती, ती काही काढता आली नाही. मामाने अंगठा दिला. एका वहिनीने ‘जेवलात का’ विचारलं. विषय संपला.

मग एका सकाळी मावशीचा मेसेज आला. गुलाबी अक्षरांत ‘शुभ प्रभात’, दोन गुलाब, दवबिंदू, ‘प्रत्येक पहाट नवी आशा घेऊन येते’, आणि त्यामागे समुद्र, सूर्य, डाव्या कोपऱ्यात पिवळी बनाना बोट. कुठल्या कुठल्या ग्रुपांतून फिरून आला होता देव जाणे. पाठोपाठ फोन.

“बघितलास? याला म्हणतात समुद्रातला सूर्योदय. तुला एवढ्या वर्षांत एक काढता आला नाही.”

“मावशी, तो माझाच फोटो आहे.”

“तुझा?”

“हो. आणि तो संध्याकाळचा आहे. तारकर्लीचा. सूर्य मावळतोय त्यात.”

“तुझाच आहे ना? मग त्यावर शुभ प्रभात कशाला लिहिलंस?”