खुलासा: डॉलर वाढला म्हणून युरिया महागत नाही

रावेर-यावल पट्ट्यात मेसेज फिरतोय, ‘डॉलर वाढला, उद्यापासून सगळी खतं महाग, आजच गोण्या भरून ठेवा.’ हे अर्धवट आहे. युरियाचा भाव सरकार ठरवतं. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांचीच. केळीला लागणारं पोटॅश मात्र जवळपास सगळं परदेशातून येतं. समजा, टनाला 300 डॉलर पडले. डॉलर 80 चा 85 झाला, की 50 किलोच्या गोणीमागे 1,200 चे 1,275 होतात. अनुदान ठरलेलं, म्हणून हा फरक आपल्या अंगावर येऊ शकतो. पण तो नव्या मालावर! दुकानात आधीच पडलेल्या गोणीवर जी किंमत छापलीय, तिच्यावर एक रुपयाही देऊ नका भाऊ, आणि पक्कं बिल घ्या. उसनवारी करून युरिया भरायची तर काहीच गरज नाही.