एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री पावणेबाराला मुलीने दाखवला. झोप लागली नाही, म्हणून शटर उघडायच्या आधीच लिहायला बसलोय. तुमची दिवाळी या कामात गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नाव-गाव अर्थातच लिहीत नाही.

हे इतर लोकही वाचतील, म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. तुमचे वडील, नाना, द्राक्ष बागायतदारांच्या ज्या ऑनलाइन ग्रुपमध्ये होते, तिथल्या जुन्या गप्पा काढून द्यायच्या होत्या. तुम्ही लिहिलंय, "दहा मिनिटांचं सर्च करायचं काम, अठरा दिवस लावले, अडीच हजार घेतले, हातात काय तर अर्धवट प्रिंटा. मालक उद्धट, वर म्हणतो वडील असताना विचारायचं होतं."

शेवटचं वाक्य मी बोललो, नाही म्हणत नाही. बोलायला नको होतं. तुम्ही गेल्यावर काउंटरवरचा मुलगासुद्धा माझ्याकडे बघत नव्हता. पण त्याच्या आधी चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही "माझा भाचा हे दहा मिनिटांत काढेल" म्हणालात, तेही झालंच होतं ना सर? 2003 च्या सिंहस्थात नाशिकला अशोकस्तंभाजवळ हे दुकान टाकलं. एवढ्या वर्षांत कुणी काम बिघडवलं म्हणालं असेल, पण काम केलंच नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या 'दहा मिनिटां'वरच मला बोलायचं आहे. बाकी ठीक आहे.

तुम्ही म्हणालात, सगळं याहूवर आहे, फक्त काढून द्या. मी त्याच दिवशी सांगितलं होतं की याहूवर आता काहीच नाही. याहू ग्रुप्सचा साठा पुसणार असल्याचं कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर केलं. ज्यांना आपला डेटा हवा त्यांना मागायला 31 जानेवारी 2020 पर्यंत मुदत होती. 15 डिसेंबर 2020 ला ग्रुपच बंद झाले. जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवरही तुमच्यासमोर पाहिलं होतं. ग्रुप फक्त सभासदांसाठी होता, त्यामुळे तिथे नुसतं दाराचं पान मिळालं. आत काय बोलणं झालं ते त्या यंत्राला कधी दिसलंच नव्हतं. मग उरला एकच रस्ता. त्या ग्रुपमधलं प्रत्येक पत्र सभासदांच्या मेलमध्येही यायचं, आणि नाना मेल आउटलुक एक्सप्रेस या जुन्या प्रोग्राममधून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. म्हणजे जे काही शिल्लक असेल ते त्या जुन्या सीपीयूत.

तो सीपीयू कुठे होता, तेही लिहू द्या. खतांच्या खोलीत. उघडला तर आत पिवळी पूड. आधी मला वाटलं हळद सांडलीय, मग वास आला. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी धुरळायचं गंधक! पंख्याच्या पात्यांवर बसलेलं, डिस्कच्या पिनांवर बसलेलं. पिना काळ्या पडल्या होत्या. मऊ ब्रशने अर्धा दिवस त्या एवढ्या एका पट्टीवर घालवला. 40 जीबीची, जुन्या जोडणीची आयडीई डिस्क, आजच्या कॉम्प्युटरला सरळ लागतही नाही. अशी डिस्क चालू करून शोधत बसायचं नसतं. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची आणि मग प्रतीवर काम करायचं. खराब जागा आली की यंत्र तिथे थांबतं, परत वाचतं, परत थांबतं. तीन दिवस तीन रात्री ते चालू होतं आणि मी यूपीएसकडे बघत होतो, कारण मधे लाइट गेली असती तर ती डिस्क दुसऱ्यांदा उठली असती याची खात्री नव्हती.

आता सर्चचं. भाच्याचा गैरसमज समजू शकतो. व्हॉट्सॲपवर भिंग दाबलं की सापडतं, त्यामुळे मुलांना वाटतं सगळीकडे तसंच. (तिथेही प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. 'ॲप'मधला ॲ कुणी एकच अक्षर म्हणून टाइप करतो, कुणी अ वर अर्धचंद्र चढवतो. दिसायला सारखंच, पण मशीनला दोन वेगळे शब्द.) नानांच्या काळी गावाकडे मराठी टाइप करायची सोय अशी नव्हती. निम्मी पत्रं रोमन लिपीत. तुम्हाला हवी होती डावणीवरची, म्हणजे द्राक्षावरच्या त्या बुरशीच्या रोगावरची चर्चा. डावणी हा शब्द त्या ग्रुपमध्ये कसा लिहिलाय सांगू? डीनंतर ए एक किंवा दोन, पुढे व्ही नाहीतर डब्ल्यू, शेवटी आय, वाय किंवा दोन ई. बारा तऱ्हा तिथेच झाल्या. आणि इंग्रजी स्पेलिंग लिहिणारे वेगळे.

उरलेली निम्मी पत्रं जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तुम्ही ज्याला कचरा म्हणालात ते हेच. त्या फाइलच्या पोटात मराठी अक्षर एकही नसतं, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. वरून फॉन्ट चढवला की ती मराठीसारखी दिसतात. फॉन्ट नसेल तर नुसती खिचडी. 'डावणी' टाकून शोधलंत तर जन्मात सापडणार नाही, कारण तिथे डावणी हा शब्दच नाही. नाना प्रत्येक पत्राखाली एकच ओळ लिहायचे, हे बाकीच्या पत्रांवरून कळलं होतं. ती ओळ खिचडीत कशी दिसते ते शोधलं, त्यावरून त्यांची पत्रं वेगळी काढली. मग फॉन्टसाठी दोन तास इंटरनेट पालथं घातलं आणि शेवटी तो मिळाला कुठे, तर त्याच डिस्कवर, फॉन्टच्या फोल्डरमध्ये. नानांच्या मशीनवर तो असणारच, हे आधी सुचायला हवं होतं. त्या दोन तासांचे पैसे लावले नाहीत.

'अर्धवट प्रिंटा' या शब्दाचं जास्त वाईट वाटलं. तुम्हाला मुख्य हवा होता नोव्हेंबर 2009 चा आठवडा. 11 तारखेला फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि इकडे ऐन फुलोऱ्यात, पोंग्यात म्हणजे कोवळ्या फुटीत बागा भिजल्या. त्या रात्री नानांनी ग्रुपवर लिहिलेलं पत्र फाइलच्या नेमक्या खराब जागेवर होतं. गेलं. पण त्या पत्राला ज्यांनी उत्तरं दिली, त्यांच्या उत्तरांच्या तळाशी नानांच्या ओळी राहिल्या होत्या, प्रत्येक ओळीपुढे बाणासारखी खूण असलेल्या. कुणी वरच्या चार ओळी ठेवल्या, कुणी शेवटच्या दोन. वेगवेगळ्या उत्तरांतून ते तुकडे जुळवून मी एका पानावर आणले. पान उलटं करून खाली पांढरी लव आहे का बघा, असं नाना ज्या भागात सांगतात, तो भाग एका माणसाच्या उत्तरात होता आणि पुढचं वाक्य दुसऱ्याच्या. मधे जिथे जोड मिळाला नाही, तिथे मी जागा मोकळी सोडली. स्वतःच्या मनाने भरली नाही. ते पान तुम्हाला अर्धवट वाटलं.

आता दिवसांचा हिशोब. रागावू नका, पण अठरा म्हटलंय म्हणून करतोय. सीपीयू 6 ऑक्टोबरला संध्याकाळी आला. 7 ते 11 सफाई, प्रत आणि पत्रं काढणं. 11 ला दुपारी लक्षात आलं की मधला भाग गेलाय आणि नानांचे एक जुने बागायतदार मित्र ग्रुपवर नेहमी उत्तर देत होते, त्यांच्या मेलमध्ये असू शकेल. पण परक्या माणसाला तुमच्या घरचं विचारायचं तर तुमची परवानगी हवी. शनिवारी तीन फोन केले, सोमवारी दोन. तुम्ही मंगळवारी सकाळी उचललात. तुम्हीही कामात असाल, मान्य. त्या काकांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, नुकतीच झालेली, ते म्हणाले, फवारणी उरकू द्या, मग बसतो. दिवसातून दोनदा फवारणी करणाऱ्या माणसाला मी काय घाई करणार? 18 ला, धनत्रयोदशीला, त्यांनी नातवाला बसवून जुना मेल उघडला आणि नानांच्या ओळी असलेली निम्मी उत्तरं तिथून मिळाली. 18, 19 मी जुळवाजुळव केली. 20 ते 23 दुकान बंद, तशी पाटी महिनाभर लावलेली होती. 24 ला तुम्हाला दिलं. कामाचे दिवस मोजा, सात भरतात. पाडव्याला वहीपूजनाला दुकान उघडलं तेव्हाही मी तासभर ती पानं वाचत बसलो होतो, ते यात धरलेलं नाही.

एक मात्र माझं चुकलं. 18 ला काम हातात आलंय, एवढा एक फोन मी करायला हवा होता. तुम्हाला पाडव्याला घरी सगळ्यांसमोर ते वाचायचं होतं, हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होता, आणि ते मी पावतीवर लिहूनही ठेवलं होतं. दिवाळीच्या गर्दीत राहून गेलं. त्याला सबब नाही.

पैशांचं म्हणाल तर अडीच हजार आधी सांगितले होते, त्यावर एक रुपया वाढवला नाही. काकांना केलेले फोन, केबल, छपाई सगळं त्यातच.

यापुढे अंदाजे तारीख पावतीवर लिहून देऊ, उशीर होत असेल तर कळवू. मेसेज करायला कुणाला तरी नेमायचा विचार आहे. माझ्या बोलण्याचंही बघतो.

आणि एक, रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. पण स्टार एकचा दोन झाला तरी बरं वाटेल, कारण नवीन गिऱ्हाईक हल्ली आत यायच्या आधी तेवढंच बघतं. दुकानाचं भाडं, मुलाचा पगार त्यावरच आहे.

त्या काकांनी तासगावकडच्या एका बागायतदाराचा नंबर दिलाय, ते त्या ग्रुपमध्ये पहिल्यापासून होते. मी मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही, तिकडेही छाटण्यांचेच दिवस. आलं तर त्या मोकळ्या जागा भरतील, आणि त्याचे पैसे घेणार नाही. डिस्कची पूर्ण प्रत माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे, काउंटरच्या डाव्या खणात, चिकटपट्टीवर 'नाना' लिहून. तुमची आहे, घेऊन जा. दुकान रात्री साडेआठपर्यंत असतं, रविवारी बंद. आणि कृपा करून तो सीपीयू परत खतांच्या खोलीत ठेवू नका.