रेड वाईन गार केली की बिघडते, हे कोणी सांगितलं?

"इटालियन रेड उन्हाळ्यात पिऊ नये. ती रूम टेंपरेचरलाच प्यायची, फ्रिजमध्ये बिघडते. सगळ्या १४-१५ टक्के अल्कोहोलच्या. वाईन टिकवायला घातलेल्या सल्फाइटमुळे डोकं धरतं. लाम्ब्रुस्को ही फेसाळ रेड म्हणजे गोड सोडा." हा फॉरवर्ड वाचून मिलानमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने भर जुलैत बार्दोलिनो या हलक्या इटालियन रेडची बाटली ओट्यावर ठेवली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

रूम टेंपरेचरचा सल्ला युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या घरांमधला. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. मिलानच्या फ्लॅटमध्ये जुलैत पारा ३० च्या वर असतो. एवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोलचा भपका नाकात जातो, फळाचा वास त्याखाली दबतो, आणि मग लोक म्हणतात रेड जड असते! बार्दोलिनो, उत्तर इटलीतल्या आल्तो आदिजेची स्कियावा, सिसिलीची फ्रापातो या हलक्या रेड १२ ते १४ अंशांनाच खुलतात. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात फटी राहतात, काचेला गारवा नीट लागत नाही. ग्लासात बर्फ टाकू नका, वाईन पाणचट होते. फ्रीझरमध्ये विसरलात तर उणे पाच-सहा अंशांच्या आसपास ती गोठू लागते आणि बूच वर सरकतं. ओतताना थोडी थोडीच ओता, ग्लासात ती भराभर तापते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. बारोलो ही भारदस्त रेड फार गार केली तर तिचं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आलेला तुरट अंश, जिभेवर तुरट-कडू लागतं. ती उन्हाळ्याची वाईनच नव्हे, पण तिच्यावरून बाकीच्या सगळ्यांना दोष का?

अल्कोहोलचे टक्के लेबलवर छापलेले असतात. बार्दोलिनो आणि स्कियावा साधारण १२ च्या आसपास.

सल्फाइटचं तर साफ उलटं आहे. युरोपियन युनियनच्या २०१९/९३४ क्रमांकाच्या नियमानुसार कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा, कोरड्या व्हाइटला २००. म्हणजे सल्फाइटच्या भीतीने रेड सोडून व्हाइट घेण्यात काही अर्थ नाही. उन्हात घाम जातो, वर अल्कोहोलने लघवी वाढते, तेव्हा प्रत्येक ग्लासामागे ग्लासभर पाणी प्या.

गोड लाम्ब्रुस्को असते, हे खरं. पण लेबलवर 'सेको' असेल तर ती कोरडी. मोदेनाजवळची सोरबारा ही लाम्ब्रुस्को घ्या: फिकट, आंबटसर, फेसाळ. १० ते १२ अंशांना, मोर्तादेल्ला या इटालियन सॉसेजच्या कापांबरोबर.