‘ओमेगा फॅक्टर’ एका दुपारी संपतो म्हणणारे अर्ध्यातच उठलेत

गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या ‘ॲस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ या व्हिडिओ गेमबद्दल एक मत वर्षानुवर्षं फिरतंय: ॲनिमेच्या नावावर खपवलेला माल, ठोसे मारत पुढे सरका, एका दुपारी खेळ खल्लास. न खेळलेलेही हे छातीठोकपणे सांगतात.

आधी ‘एका दुपारी’ घेऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. (२००३ चा गेम आहे, शेवट फोडला म्हणून रागावू नका.) कथा एका सर्वनाशापाशी येऊन थांबते, ॲटम (म्हणजे ॲस्ट्रो बॉय, आपला रोबो-नायक) संपतो, नावांची पाटी सरकते आणि बरेच जण गेम बॉय बंद करतात. पण त्यानंतर अग्निपक्षी त्याला पुन्हा जिवंत करतो आणि काळात मागे जायची ताकद देतो. आता त्याच जुन्या टप्प्यांत परतायचं, आधी निसटलेली माणसं गाठायची आणि घडून गेलेलं टाळायचं. पहिला शेवट हा निम्मा रस्ता आहे.

‘नुसते ठोसे’? ॲटमची ताकद शत्रू लोळवून वाढतच नाही. ती वाढते नवी पात्रं भेटली, समजली की. मग ठोसा, लेझर की जेट, काय वाढवायचं ते तुम्ही ठरवा. ही पात्रंही एकट्या ॲटमच्या कथेतली नाहीत; ब्लॅक जॅक येतो, शाराकू येतो. ॲटमचे जनक, जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका आपली पात्रं नटांसारखी वेगवेगळ्या कथांत वापरायचे, तीच खोड गेमने उचलली. १९६३ च्या कृष्णधवल मालिकेपासून ॲटमला ओळखणाऱ्यासाठी ही मेजवानीच.

‘खपवलेला माल’ म्हणणाऱ्यांचा संशय मात्र अगदीच निराधार नाही. २००३ ची नवी मालिका टीव्हीवर होती आणि गेम काढणाऱ्या सेगा कंपनीला तिचा फायदा हवाच होता. त्याच यंत्रावरचा, ‘ड्रॅगन बॉल’ या ॲनिमेवर बेतलेला ‘लेगसी ऑफ गोकू’ ज्यांनी सोसला, ते दुधाने पोळलेत, ताकही फुंकून पिणारच. पण इथे गेम बनवायला हिटमेकर या स्टुडिओसोबत ‘गनस्टार हीरोज’ हा ॲक्शन गेम बनवणारा ट्रेझर स्टुडिओ होता आणि ते प्रत्येक मोठ्या लढतीत जाणवतं. प्लूटो या बलाढ्य रोबोशी भिडून बघा.

पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की गेम रखडतो, आणि तेच टप्पे पुन्हा तुडवताना कंटाळाही येतो. त्यावर टीका करा, मीही दोन वाक्यं जोडीन.