‘जिन’ एक की दोन? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘जिन’ या इंग्रजी शब्दावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. स्पेलिंग आणि उच्चार एकच असताना कापसाचे जिन (कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र) आणि मद्यातली जिन हे वेगळे शब्द कसे, हा पहिला; आणि यंत्रवाचक ‘जिन’ हे ‘इंजिन’चेच तुटलेले रूप आहे हे विधान ओढूनताणून केलेले वाटते, हा दुसरा. दोन्हींचा विचार करूनही माझे मत कायम आहे.

दुसरा आक्षेप आधी घेतो. लॅटिनमधील ‘इन्जेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्यापासून झालेल्या शब्दाला, म्हणजे ‘इंजिन’च्या पूर्वजाला, हिकमत, डावपेच आणि पुढे हिकमतीने बनवलेले साधन असे अर्थ आले. त्या शब्दातला आघात शेवटच्या अक्षरावर असल्याने इंग्रजीत आरंभीचे अक्षर गळून ‘जिन’ उरले. ‘डिफेन्स’चे ‘फेन्स’ आणि ‘डिस्पोर्ट’चे ‘स्पोर्ट’ झाले ते याच वाटेने. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘जिन’ हा शब्द पक्षी धरण्याच्या फाशासाठी आला आहे, आणि अमेरिकन संशोधक एली व्हिटनीला कापसाच्या यंत्राचे पेटंट मिळाले ते १७९४ साली.

मद्याचे मूळ मात्र जुनिपर या झुडपाच्या फळात आहे. डच ‘येनेव्हर’चे इंग्रजांनी ‘जिनिव्हा’ केले, त्याचा स्वित्झर्लंडमधील शहराशी संबंध नाही, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचेच ‘जिन’ झाले. १७३६ साली ब्रिटिश संसदेने या मद्यावर जबर कर लादला, तोवर व्हिटनीच्या यंत्राला अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. यंत्रावरून मद्याला नाव पडले असावे, ही आपली शंका इथेच संपते.

आपण धरणगावचे आहात, तेव्हा डबल रोलर यंत्र जवळून पाहिलेच असेल. चामडी रुळाला चिकटून तंतू पुढे ओढला जातो आणि हलती पट्टी सरकीला ठोकून वेगळी करते. व्हिटनीच्या यंत्रात हे काम तारेचे दाते करत. खान्देशात तर ‘कापूस जिनात टाकला’ म्हणताना यंत्र, वखार आणि आवार सगळेच त्यात येते, आणि अर्थाचा हा विस्तार मला फार मोलाचा वाटतो.

राहिली पत्त्यांतली ‘जिन रमी’. ती जोडायचीच तर मद्याशी जोडावी, कापसाशी नव्हे.